सगळ्या कॉलनीचं नाव गयाबाई

एक गृहस्थ जिना चढून माझ्या दुकानात आले, खुर्चीवर बसले, रुमालानं घाम टिपला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरनं माझ्या मुलीचं वय वाढवलं."

त्या काळात मी गुलमंडीच्या बाजारपेठेत, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत दोन टेबलं टाकून वेबसाइट तयार करायचे. हे गृहस्थ ज्या वधूवर मंडळाचे सभासद होते, त्या मंडळाची वेबसाइट माझीच होती. मंडळाच्या जुन्या वहीत त्यांच्या मुलीचं वय चार वर्षं सव्वीसच होतं. वहीचं बरं असतं, कुणी खाडाखोड करत नाही तोवर ती गप्प असते. मी मात्र वय लिहून घेतलंच नव्हतं. जन्मतारीख घेतली होती आणि वय मोजायचं काम पानावर सोपवलं होतं.

"काका, परवा तिचा वाढदिवस झाला ना?" मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे. पण ते त्या पानाला कशाला माहीत पाहिजे?"

शेवटी त्यांनी वयाची ओळच काढायला लावली. आठ दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. "ताई, ती ओळ परत लावा. पान माझं आहे." मी लावली आणि दिवसभर त्याच खुशीत होते.

माझा धंदा काय होता ते या एवढ्यात येतं. साधी वेबसाइट म्हणजे भिंतीवरचं पत्रक. कुणीही या, सगळ्यांना एकच मजकूर. सभासदाचं पान तसं नसतं. दवाखान्यात कंपाउंडर नाव विचारतो आणि फडताळातून नेमका तुमचाच केसपेपर काढतो, तसं ते. मी पान कोरं ठेवायचे, त्यात रिकाम्या जागा सोडायचे. सगळी माहिती एका तक्त्यात असायची. सभासद आपलं नाव आणि खुणेचा शब्द टाकून आत आला की त्या क्षणी तक्त्यातली त्याची ओळ उचलली जायची आणि रिकाम्या जागा भरल्या जायच्या. तक्त्यात काही बदललं की पान आपोआप बदलायचं. माझं माहेर पिशोरचं, शेतीचं घर. लग्न होऊन शहरात आले तेव्हा टायपिंग शिकावं एवढीच इच्छा होती. पहिल्यांदा पडद्यावर "नमस्कार" या शब्दापुढं माझं स्वतःचं नाव आपणहून येऊन बसलं, तेव्हा मी खुर्ची मागं ढकलून उभीच राहिले होते. पुढं वीस वर्षं हे काम केलं, पण त्या गोष्टीची नवलाई गेली नाही.

दिवाळी अंकासाठी कामातल्या आठवणी लिहा म्हटल्यावर मोठमोठी गिऱ्हाइकं डोळ्यांपुढं यायला पाहिजे होती. आली ती बीड बायपासच्या पलीकडची एक कॉलनी. तिची वेबसाइट आता नाही. नळ आले, पाऊसही बरा झाला आणि ती बंद करायला मीच गेले होते. तो तक्ता मी जपून ठेवला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हा शहर त्या बाजूला भराभर वाढत होतं. काल ज्वारीचं रान असलेल्या जागी आज जिना आणि गच्ची दिसायची. पण नळ तिथवर पोचलेले नव्हते. कॉलनीत बेचाळीस घरं होती आणि सगळी बोअरवर अवलंबून. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी बोअर आटले. मग रोज एक टँकर येऊ लागला. एका टँकरमध्ये चार घरांचे हौद भरत, म्हणजे एका घराची पाळी दहा-अकरा दिवसांनी. पाळीचा कागद देवळाच्या भिंतीला चिकटवलेला असायचा. पण टँकर रोज येईच असं नाही. भरायच्या ठिकाणी रांग लागली की एखादा दिवस हुकायचा आणि कागदावरच्या पुढच्या सगळ्या तारखा खोट्या ठरायच्या. मग भांडणं.

कॉलनीचे सचिव पाठककाका माझ्याकडं आले ते यासाठी. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. पत्नी वारल्यापासून एकटेच राहायचे. अक्षर असं, की नोंदवही बघत राहावी.

"प्रत्येकाला त्याची पाळी त्याच्या मोबाइलवर दिसली पाहिजे," ते म्हणाले. "आणि टँकर हुकला तर ती माझ्याशिवाय पुढं सरकली पाहिजे. मला दारावर माणसं नकोत."

मला ते काम इतकं आवडलं, की पंधरा दिवसांत झालं. लॅपटॉप घेऊन मी काकांच्या ओसरीत बसले. शेजारच्या गयाबाईही येऊन टेकल्या. त्या बिडकीनच्या. शेत औद्योगिक वसाहतीत गेलं, तेव्हा मुलानं इथं घर घेतलं. त्यांना अक्षरं फारशी येत नसत, आकडे मात्र पक्के. भाजीबाजारात आयुष्य गेलेलं.

काकांच्या नावानं पान उघडलं. वर "नमस्कार, गोविंदराव पाठक", खाली घर क्रमांक आणि पाळीची तारीख. मग गयाबाईंच्या नावानं उघडलं. नाव बदललं, तारीख बदलली.

"हे तुम्ही आधी लिहून ठेवलंय," काका म्हणाले.

"नाही काका, आत्ता लिहिलं गेलं. आजचा टँकर हुकला असं तुम्ही तक्त्यात टाकून बघा."

त्यांनी टाकलं. बेचाळीसच्या बेचाळीस पानांवरच्या तारखा एकेक दिवसानं पुढं गेल्या. काकांनी एकेक पान उघडून तपासलं. तासभर लागला. एकही चूक सापडली नाही तेव्हा ते जरा हिरमुसले असावेत.

गयाबाई म्हणाल्या, "कागद फाटायचा तरी. हे तर फाटायचं बी नाय."

दोन महिने ते पान झकास चाललं. सकाळी सहाच्या सुमारास सगळी कॉलनी एकदम पान उघडायची, एवढीच अडचण. पान उघडायला वेळ लागायचा, लोक कुरकुरायचे. त्यावर एक साधा उपाय असतो. प्रत्येकाला नवा चहा करण्यापेक्षा एकदाच करून थर्मासमध्ये भरून ठेवायचा, तसं पान एकदा तयार झालं की त्याची प्रत ठेवायची आणि पुढच्या माणसाला तीच द्यायची. सूचनांचं पान, फोन नंबरांचं पान, यांना हे चालतं, कारण ती सगळ्यांना सारखीच. मी एका दुपारी हा उपाय करून टाकला, आणि करताना सभासदांची पानंही त्याच थर्मासमध्ये ओतली. काम झाल्यावर दोन वेगळ्या नावांनी पान उघडून बघायला पाहिजे होतं. बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पाठककाकांचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"मॅडम, आज सगळ्या कॉलनीचं नाव गयाबाई आहे."

त्या पहाटे सगळ्यात आधी गयाबाईंच्या सुनेनं पान उघडलं होतं. तिची प्रत तयार झाली आणि पुढं जो येईल त्याला तीच मिळत गेली. "नमस्कार, गयाबाई. तुमचा टँकर आज, सकाळी नऊ वाजता." वर नाव ठळक होतं. मला त्या नावाच्या ओळीचा किती अभिमान. पण त्या सकाळी नाव कुणी वाचलंच नाही. लोकांनी फक्त "आज" वाचलं.

मी चूक दोन मिनिटांत दुरुस्त केली. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. टँकर येणार म्हटलं की लोक हौद धुऊन घेतात. तळाशी राहिलेल्या पाण्यात कपडे धुऊन काढतात, फरशा पुसतात, डोक्यावरून अंघोळी होतात, उरलेलं तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं. त्या दिवशी बेचाळीस घरांनी एकाच वेळी हे केलं.

मी स्कूटीवरून पोचले तेव्हा मे महिन्याच्या कोरड्या रस्त्यावर ओघळ वाहत होते. टँकरवाले सलीमभाई खाली उतरून ते बघत उभे होते. दारादारांत माणसं पाइप धरून तयार.

"मॅडम, मैं तो एकीच टँकर लाया," सलीमभाई म्हणाले. "इत्ते घर कैसे भरूं?"

मला पळून जावंसं वाटलं, हे खरं सांगते. पण मी टँकरच्या पायरीवर चढले आणि सांगितलं, की चूक माझी आहे, काकांची नाही, टँकरवाल्यांची नाही. आज पाळी फक्त चार घरांची होती. बाकीच्यांचे हौद माझ्यामुळं रिकामे झाले.

मग सगळे एकदम बोलू लागले. मी ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं ते.

पहिली पाळी गयाबाईंची. त्या पुढं आल्या आणि सलीमभाईंना म्हणाल्या, "माझ्या हौदात नको सोडू. हंड्यानं वाटा समद्यांला."

"ते नियमात बसत नाही," पाठककाका म्हणाले.

"भाऊसाहेब, त्या पोरीनं माझं नाव समद्या घरांला लावलं ना? मंग आज पाळी बी समद्यांची."

लोक हसले आणि वातावरण थोडं सैलावलं. पाळीतल्या बाकीच्या तिघांनीही मान डोलावली. काकांनी लगेच कागद काढला, हिशेब केला आणि जाहीर केलं, "घरटी पंधरा हंडे. लहान घर, मोठं घर, सगळ्यांना सारखे."

मी ती यादी हातात धरून दुपारपर्यंत नावं पुकारत होते. तक्त्यातल्या बेचाळीस ओळी मला पाठ होत्या. त्या दिवशी प्रत्येक ओळ हंडा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उन्हानं डोकं तापलं होतं, चुकीची लाज होती आणि तरी मला आतून हुरूप येत होता. सत्तावीस क्रमांक म्हणजे पाय ओढत चालणारे शिक्षक आहेत, तेहतीस म्हणजे दोन बहिणी आहेत, हे मला पहिल्यांदा कळत होतं.

सोनवणे वहिनींचे पंधरा हंडे झाले तेव्हा त्या थोड्या थांबल्या. नवरा आणि दोन दीर वाळूजला कंपनीत, सगळं एकत्र कुटुंब.

"ताई, आमच्यात नऊ माणसं आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या त्या पानावर हे लिहायला जागा नाही का?"

जागा नव्हती. मी केलेल्या तक्त्यात घर क्रमांक होता, फोन होता, पाळी होती. घरात माणसं किती, हे मी विचारलंच नव्हतं. त्यांच्या मागं पाठककाका उभे होते, एकट्या माणसाचे पंधरा हंडे घ्यायला. त्यांनी ते वाक्य ऐकलं. मग आपले हंडे भरून घेतले.

काकांनी खटपट करून पुढच्या आठवड्यात दोन जादा टँकर मिळवले आणि प्रत्येक हौदात थोडंफार पाणी आलं. तोवर मी नवं पान बांधायला घेतलं होतं. प्रत्येक घरानं दोन गोष्टी भरायच्या, माणसं किती आणि हौदात पाणी किती लिटर उरलंय. त्यावरून कुणाचं पाणी किती दिवस पुरेल ते पान काढणार आणि ज्यांचं सगळ्यात आधी संपणार, ती चार घरं दुसऱ्या दिवशीच्या टँकरला पहिली.

"लोक खोटं लिहितील," पाठककाका बैठकीत म्हणाले. "पाणी असून नाही म्हणतील."

"समद्यांचं समद्यांला दिसू द्या," गयाबाई म्हणाल्या. "मंग कोण कशाला खोटं लिहील?"

हे माझ्या धंद्याच्या उलट होतं. एकाची माहिती दुसऱ्याला दिसू नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो, आणि नुकताच तर माझा त्यात फजितवाडा झालेला. मी सांगितलं, की बेचाळीसही घरं लेखी हो म्हणाली तरच करीन. काकांनी स्वतः सह्या गोळा करून आणल्या.

ते पान सुरू झालं त्या सकाळचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही. वर प्रत्येकाची आपापली ओळ, खाली सगळी कॉलनी. गयाबाईंनी चिंचेच्या काठीवर विळ्यानं खाचा पाडून हौदातल्या पाण्याचं मोजमाप केलं, आणि घराघरांत तशी काठी झाली. सकाळी सहा ते सातच्या दरम्यान आकडे पडत राहायचे आणि नावं वरखाली सरकायची. सोनवण्यांची पाळी अकरा दिवसांऐवजी सहा दिवसांनी आली, आणि कुणी तक्रार केली नाही. मी दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम करता करता एक खिडकी उघडी ठेवून ते बघत बसायचे. पिशोरला आमचे वडील विहिरीत डोकावून बघायचे, तसं.

तीन आठवडे गेले. एका सकाळी गयाबाईंचा फोन आला. सुनेनं लावून दिला होता.

"पोरी, भाऊसाहेबाचा आकडा बघती का?"

मी बघितला. चारशे सोळा लिटर. आधीचे दिवस उघडले. पाचशे, चारशे शहाण्णव, चारशे ब्याण्णव, चारशे अठ्ठ्याऐंशी. रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी नोंद. सगळं कसं शिस्तीत.

"बरोबर दिसतंय, मावशी. कमी होतंय की."

"रोज चार लिटर. माणूस चार लिटरात जगतो व्हय? अंघोळ नाय, धुणं नाय, भांडी नाय?"

तो आकडा तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर होता. तक्ता मीच बांधलेला. मला त्यात चूक दिसली नाही, कारण आकडा कमी होत होता आणि वेळेवर येत होता. मी तेवढंच बघायला शिकले होते.

तासाभरात मी तिथं पोचले. आम्ही दोघी काकांच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडलं. ओठ फुटलेले, चेहरा उतरलेला, सदरा मात्र इस्त्रीचा. हातात कापडी पिशवी होती, कुठं तरी निघाले होते. गयाबाई सरळ अंगणात गेल्या, हौदाचं झाकण सरकवलं आणि काठी आत सोडली. तळाला टेकल्याचा आवाज आला. वर काढली तेव्हा काठी कोरडी होती.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"बारा-तेरा दिवस झाले," काका म्हणाले. "तसं काही अडत नाही. शहरात मित्राकडं दिवसाआड अंघोळीला जातो. येताना चार बाटल्या आणतो."

"काका, पण का?" मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. "माझा आकडा खरा लिहिला, की मी पहिल्या चारांत येतो. मी आलो की चौथं घर त्या दिवशी बाहेर पडतं. मागच्या बुधवारी चौथं घर सोनवण्यांचं होतं." मग म्हणाले, "त्या दिवशी हंडे वाटताना, घरटी सारखं, असं मीच म्हणालो होतो. नऊ माणसांना पंधरा आणि मला पंधरा. मी ते घेतले. परत करायला मला दुसरा मार्ग सुचला नाही."

"मंग शेजारी दोन हंडे मागायचे. कुणी नाय म्हटलं असतं?"

"मागायची सवय नाही, गयाबाई."

"आन् खोटं लिहायची व्हती?"

काका पहिल्यांदा हसले. "नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी पकडल्या. माझी तीन आठवड्यांत पकडली जाईल असं वाटलं नव्हतं."

मी लॅपटॉप उघडून त्यांचं पान काढलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी विचारलं, की हे मी तक्त्यात गुपचूप दुरुस्त करू शकते का. करू शकत होते. पण मी नाही म्हटलं. पान त्यांचं होतं.

त्यांनी चष्मा पुसला. चारशे सोळा खोडलं, शून्य लिहिलं. मग शेऱ्याच्या जागेत एका बोटानं टाइप केलं, "यापूर्वीच्या नोंदी चुकीच्या. चूक माझी. सचिव." आणि बटण दाबलं. बेचाळीस पानांवर ते शून्य एकदम उमटलं.

पाच मिनिटं झाली नसतील, सोनवणे वहिनी हंडा घेऊन फाटकात आल्या. त्यांच्यामागं त्या दोघी बहिणी, मग पाय ओढत ते शिक्षक, हातात बादली. काका उठून उभे राहिले. कोण किती पाणी देतंय ते लिहून घ्यायला म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं, तर गयाबाईंनी ते काढून घेतलं आणि स्वतःच्या कमरेला खोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाईंनी सगळ्यात आधी त्यांचा हौद भरला.

त्याच्या पुढच्या सकाळी मी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि झाडू न मारताच काकांचं पान बघितलं. सहा वाजून पाच मिनिटांची नोंद होती. एका दिवसात सत्तर लिटर पाणी कमी झालं होतं. अंघोळ झाली होती, कपडे धुऊन निघाले होते, फरशीसुद्धा पुसली असावी. मी तो आकडा तीन-तीनदा वाचला. मग कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून जिना उतरून खाली गेले. साड्यांच्या दुकानाचे शेठ नुकतीच गादी झटकत होते.

"काय मॅडम, आज सकाळीच एवढ्या खुशीत?"

"शेठ, एका घरचं पाणी सत्तर लिटरनं कमी झालं."

"या दुष्काळात?"

"व्हय," मी म्हटलं. शेठ गादी तशीच हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.